नागोल्डकाठचा हेसे

फोर्ट्सहाइमहून सुटणारी छोटी गाडी नागोल्ड नदीच्या कडेकडेने ब्लॅक फॉरेस्टात शिरते. डोंगर दोन्ही बाजूंनी जवळ येत जातात आणि मधल्या चिंचोळ्या जागेत काल्व गाव दाटीवाटीने बसलेलं दिसतं. हर्मन हेसे इथला. 2 जुलै 1877 रोजी बाजारचौकातल्या एका घरात जन्मलेला.

आपल्याकडे हेसे म्हटलं की 'सिद्धार्थ' ही कादंबरी, आणि पाठोपाठ तिच्यावरच्या सिनेमातला शशी कपूर! भारत त्याच्या घरातच होता. आजोबा हर्मन गुंडर्ट बासेल मिशनचे, मल्याळमचा कोश रचणारे. आई तलश्शेरीची, 1842 सालचा जन्म. (कोकणातली मंगलोरी कौलंही याच मिशनच्या कारखान्यांची देणगी.) नातू मात्र 1911 साली सिलोन-सुमात्रा बघून, भारतात न जाताच माघारी फिरला. म्हणून 'सिद्धार्थ'मधली नदी मला गंगेपेक्षा नागोल्डच वाटते.

निकोलाउस पुलावर उभं राहिलं की हे जास्तच पटतं. पुलावर 1400च्या सुमाराचं इवलंसं चॅपेल आहे. काल्वमधली ही हेसेची सर्वांत लाडकी जागा. आता तिथे तो स्वतःच माणसाएवढा, कांस्याचा, हातात हॅट घेऊन उभा आहे. काठावर पूर्वी चांभारकुंडं होती. गेर्बर म्हणजे कातडी कमावणारा; त्याच्या कथांमधलं गेर्बर्सआउ ते हेच गाव. 1894-95मध्ये इथल्याच पेरोट यांच्या घड्याळ-कारखान्यात त्याने कानस चालवली, आणि पुढे 'काचमण्यांचा खेळ' या कादंबरीत त्या खेळाचा जनक म्हणून काल्वच्याच एका पेरोटला बसवून मालकाचं ऋण फेडलं.

कारखान्याच्या आधी होती शाळा. ती शाळा माउलब्रॉनला. 1147 सालचा सिस्टर्शियन मठ, 1556पासून प्रॉटेस्टंट पाठशाळा. तटबंदीच्या आत धान्यकोठारं, गिरणी, तबेले, सगळा संसारच. आतल्या कारंज्यात पाणी एका थाळीतून दुसरीत सांडत राहतं आणि ओवरीभर तोच आवाज. चौदा वर्षांच्या मुलाला हे सुंदर वाटलं असेल, पण पहाटेपासून लॅटिन-हिब्रूचा घाणाही होताच. 7 मार्च 1892 रोजी तो पळाला. रात्र कडाक्याच्या थंडीत उघड्यावर काढली, दुसऱ्या दिवशी सापडला.

गंमत म्हणजे पळाला तरी सुटला नाही. 1906च्या 'चाकाखाली' या कादंबरीत हाच मठ हुशार हान्सला भरडून काढतो. 1930च्या 'नार्सिस आणि गोल्डमुंड'मध्ये तो मारियाब्रॉन होऊन येतो, या वेळी मायेने. 'काचमण्यांच्या खेळा'तलं कास्टालियाही शेवटी मुलग्यांची शाळाच. माझं मत विचाराल तर 'सिद्धार्थ' नंतर, आधी 'चाकाखाली' वाचा. त्याला जोडून मुझीलचा 'टोर्लेस', तोही 1906चाच, आणि वाल्झरचा 'याकोब फोन गुंटेन'. जर्मन भाषेतल्या त्या काळच्या शाळांनी किती मुलं पिळली, ते तिघांत मिळून कळतं.

माउलब्रॉनची पाठशाळा आजही चालू आहे. आपले नामवंत विद्यार्थी सांगताना ती केप्लर आणि होल्डरलिन यांच्या पंगतीला हेसेचंही नाव अभिमानाने घेते.