आईच्या मशीनचा घसारा

मार्चअखेरीचे हिशेब जुळवता जुळवता आम्हा कारकुनांचा जीव मेटाकुटीला येतो. यंदा त्यात घरच्या हिशेबाची भर पडली. आमच्या दीड खोलीच्या घरात नवे कपाट घ्यायचे ठरले. किंमत १८,००० रुपये, हप्ते १२. जाहिरातीत ‘बिनव्याजी’ असे मोठ्या अक्षरात होते. बारीक अक्षरात सेवाशुल्क होतेच. कपाट मावेल असा कोपरा एकच, खिडकीजवळचा. आणि तिथे आईचे पायाने चालवायचे शिलाई मशीन!

चार वर्षांपूर्वी वडील गेले. गावचे घर बंद करून आई आमच्याकडे आली, तेव्हा तिने हट्टाने हे मशीन टेम्पोत घालून आणले. का आणले, हे आम्ही कधी विचारले नाही. मशीनवर चादर पडली, चादरीवर रद्दी आली, रद्दीवर मुलांची दप्तरे. आईही शेजारी भिंतीला टेकून गप्प बसू लागली.

आम्ही पडलो बी.कॉम. मनातल्या मनात घसारा काढला आणि मशीनची किंमत शून्य करून टाकली. रविवारी भंगारवाल्याला बोलावले. त्याने एका बाजूने मशीन उचलून अंदाज घेतला, किलोचा भाव सांगितला. तेवढ्यात आई उठली. “नेशील रे बाबा, पण एकदा मला चाक फिरवून बघू दे,” म्हणाली. तिने हात लावला. चाक हलेना. “तेलच नाही घातलं कुणी,” एवढेच ती बोलली आणि परत जागेवर जाऊन बसली.

वाचकहो, आम्ही सभेत तावातावाने बोलणारे कार्यकर्ते. पण त्या एका वाक्यापुढे आम्हाला मान वर करता येईना. भंगारवाल्याला हात जोडून परत पाठवले.

दुपारी आई सांगेल तसे मशीन उघडले. वरचा भाग मागे कलंडून ठेवला. आतले तेल वाळून चिकट झाले होते. बॉबिन काढली, वरची पट्टी खोलली, तर कापड पुढे सरकवणाऱ्या दातांखाली सुताचा भुसा घट्ट बसलेला आणि त्यात मोडक्या सुईचे टोक. जुन्या दातांच्या ब्रशने सगळे साफ केले. भोकाभोकातून तेलाचे थेंब सोडले आणि तासभर थांबलो. मग चाक हळूहळू आपल्या बाजूला फिरवत राहिलो. आधी कुरकुरले, मग सुटले. पट्टा कडक होऊन तडकला होता, तो नवा आणला. पट्टा, तेल, सुया मिळून दोनशेच्या आत काम झाले.

पहिली टीप मात्र खालून लोंबू लागली. आम्हाला वाटले, मशीन गेलेच. आईने कापडाच्या खालून बोट फिरवले आणि म्हणाली, “वरचा दोरा सैल आहे. ताण जरा आवळ.” चष्म्याशिवाय! दुसरी टीप सरळ आली.

नववीतली आमची मुलगी इतका वेळ मोबाईलमध्ये होती. ती केव्हा आजीजवळ येऊन बसली, कळलेच नाही. आमच्या मंडळींनी ट्रंकेतून एक पांढरी साडी काढली. मागे कधीतरी जयंतीला घेतलेली, दोनदाच नेसलेली. आईने वीत टाकून मापे घेतली. १४ एप्रिलला मुलीच्या अंगात त्या साडीचा कुर्ता होता, आणि गळ्याची पट्टी तिने स्वतः शिवली होती.

शिवता शिवता नातीने विचारले, “आजी, हे मशीन तू कधी घेतलंस?” तेव्हा आम्हालाही नवी गोष्ट समजली. गावच्या शिंप्याकडून ते जुनेच घेतले होते, आणि तेही हप्त्याने! शेजारणींची झंपर, परकर शिवून तिने ते फेडले. पुढे आमची कॉलेजची फी त्यातूनच निघाली. आई म्हणाली, “हप्ता मीही भरला बाई. पण मशीन स्वतःचा हप्ता स्वतः कमवायचं.” पदवी आमची, पण हिशेब तिचा पक्का निघाला.

आता कोणी म्हणेल, आहे त्यात समाधान मानून गप्प बसा, असे सांगता काय? मुळीच नाही. हा उपदेश आपल्या लोकांना पिढ्यान् पिढ्या ऐकवला गेला. नोव्हेंबर १९३५ मध्ये अहमदाबाद जिल्ह्यातल्या एका खेड्यात, धातूच्या भांड्यातून पाणी आणले म्हणून आपल्या बायांना मारहाण झाली. बाबासाहेबांनी १९३६ च्या ‘जातिभेद निर्मूलन’ या पुस्तकात ते नोंदवले आहे. ज्यांना पितळेचा हंडा वापरायचीही बंदी होती, त्यांच्या लेकरांनी नवे कपाट जरूर घ्यावे. पण इतक्या कष्टाने जी वस्तू घरात आली, ती वापरल्यावाचून भंगारात का घालावी?

म्हणून भगिनींनो, बांधवांनो, हप्त्याच्या कागदावर सही करण्याआधी एका रविवारी घरचा एक कोपरा रिकामा करून पाहा. ट्यूब पंक्चर झाली म्हणून उभी राहिलेली सायकल निघेल. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवरून हौसेने आणलेली आणि अजून पिशवीतून बाहेर न आलेली पुस्तके निघतील. काय बिघडले आहे ते बघा, आणि ती वस्तू चालवता येणारे माणूस घरात कोण आहे, तेही बघा.

कपाट अजून आलेले नाही. दरमहा पैसे बाजूला टाकतो आहोत, जमले की रोखीने घेऊ. ते कुठे ठेवायचे हा प्रश्न मात्र आहेच, कारण खिडकीजवळचा कोपरा आता मोकळा होणार नाही. आता संध्याकाळी आम्ही कामावरून जिना चढतो तेव्हा मशीनचा आवाज खालपर्यंत येतो, आणि मध्येच आईचा: “हळू गं, पाय एका लयीत पडू दे.”