चुकलेला ठोका



गेल्या पावसाळ्यात अनगोळच्या आमच्या घरातली झोप उडाली होती. बाहेर पागोळ्यांचा आवाज, आणि अंथरुणाला पाठ टेकली की छातीत एक ठोका चुकायचा. क्षणभर काहीच नाही, मग आतून कुणी दार बडवल्यासारखा जोराचा धक्का. आम्हां दोघांपैकी छाती कोणाची, हे सांगण्यात फारसा अर्थ नाही. जागे दोघेही असायचो. एकाचा हात मनगटावर, दुसऱ्याचा डोळा घड्याळावर.

डॉक्टरांकडे वेळेत गेलो, हे बरं केलं. ईसीजी, इको, रक्ताच्या तपासण्या, शेवटी 24 तास अंगावर बाळगायचा होल्टर. सगळं बघून डॉक्टर म्हणाले, "हृदय उत्तम आहे. हे एक्टोपिक ठोके. निरोगी माणसांनाही येतात, पुष्कळांना कळतसुद्धा नाहीत." मग त्यांनी समजावून सांगितलं. हृदय दिवसाला सुमारे 1 लाख वेळा धडकतं. त्यातला एखादा ठोका वेळेआधीच पडतो. तो दुबळा असल्यामुळे जाणवत नाही. त्यानंतर जरा उसंत मिळते, तेवढ्यात हृदयात जास्त रक्त भरतं आणि पुढचा ठोका जोरात लागतो. आपल्याला वाटतं हृदय थांबलं. खरं तर ते भरत असतं.

दवाखान्यात हे पटलं. रात्री मात्र पटेना. रोझरीचे मणी बोटांत असायचे आणि लक्ष नाडीत. "प्रभो, एवढं थांबव," ही एकच प्रार्थना उरली. ठोके काही थांबले नाहीत. कुणी प्रेमानेच म्हणालं, "विश्वास कमी पडतोय." ते खोलवर लागलं. हळूहळू आजाऱ्यांच्या घरभेटीही आम्ही टाळू लागलो. पावसाचं निमित्त होतंच. खरं कारण हे, की वाटेत काही झालं तर, याची भीती.

महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आम्ही एका अंथरुणाला खिळलेल्या आजींकडे जात असू. दोन महिने गेलो नाही, तेव्हा त्यांनीच निरोप धाडला. लाजत गेलो आणि सगळं सांगून टाकलं. आजी हसल्या. "मलाबी रातचं भ्या वाटतंय की. वाटलं तर वाटू दे. त्याला सांगायचं, आन् पडून ऱ्हायाचं." त्यांचं बोट भिंतीकडे होतं. तिथे लाल दिव्याखाली येशूच्या पवित्र हृदयाचं चित्र.

तसं चित्र आमच्याही घरी आहे. सतराव्या शतकात फ्रान्समध्ये संत मार्गारेट मेरी यांच्यापासून ही भक्ती जगभर पसरली, 2024 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी याच हृदयावर परिपत्रक लिहिलं, हे सारं आम्हांला ठाऊक होतं. पण ते हृदय घायाळ आहे, त्याभोवती काटे आहेत, हे त्या दिवशी नीट पाहिलं. गेथशेमाने बागेत येशूही व्याकूळ झाला होता. त्यानेही मित्रांना जागं राहायला सांगितलं, प्याला टळावा म्हणून विनवलं. प्याला टळला नाही. बळ देणारा देवदूत मात्र आला. येशूलाच जर त्या रात्रीने घेरलं, तर आमची भीती म्हणजे अविश्वास कसा?

तेव्हापासून "थांबव" म्हणणं सोडलं. आता म्हणतो, "जवळ राहा." घड्याळ रात्री कपाटात जातं. ठोका चुकला की मनगट धरत नाही. कूस बदलतो, सावकाश श्वास सोडतो, येशूचं नाव घेतो. संध्याकाळचा चहा बंद केला, जागरणं कमी केली. तरी दमणूक झाली, ताप आला, की ठोके चुकतातच. चुकू देत. घरभेटी पुन्हा सुरू आहेत.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. अशा ठोक्यांबरोबर चक्कर येऊन शुद्ध हरपली, छातीत दुखलं, धाप लागली, किंवा घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल, तर थेट दवाखाना गाठा. कधीच तपासणी केली नसेल तर एकदा करून घ्या. प्रार्थना करा, पण तपासणीऐवजी नको. डॉक्टरांचे हातही देवानेच दिलेले आहेत.

प्रभू येशू, तुझं हृदय आमचं भय ओळखतं. रात्री जे जागे आहेत त्यांच्या उशाशी बस. जिथे आम्हांला सगळं थांबल्यासारखं वाटतं, तिथे तू भरत असतोस, हे आम्हांला विसरू देऊ नकोस. आमेन.