न्यूनगंड जन्मत नाही, तो शिकवला जातो

वस्तीतील बुद्धविहारात आम्ही संध्याकाळी मुलांचा अभ्यासवर्ग घेतो. मागच्या महिन्यात चौथीतला एक मुलगा भागाकाराची वही मिटून म्हणाला, "ताई, आपल्याला गणित येत नसतं. बाई म्हणतात, तुमच्या लोकांच्या डोक्यातच नाही." नऊ वर्षांचे लेकरू 'मला' म्हणाले नाही, 'आपल्याला' म्हणाले!

समाजशास्त्रात एम.ए. करताना आम्ही जातीची उतरंड शिकलो. पण ती लेकराच्या मनात कशी शिरते, हे विकासाच्या मानसशास्त्राने दाखवले.

वास्तविक पाहता सुरुवात सर्वांची सारखीच. आईकडून २३ आणि वडिलांकडून २३ गुणसूत्रे येऊन एक पेशी तयार होते. तिच्यावर जात लिहिलेली नसते. मात्र परिस्थितीचा परिणाम गर्भातच सुरू होतो. साधारण चार आठवड्यांत मेंदू व मज्जारज्जू घडवणारी नलिका बंद होते. अनेक बायांना तोवर दिवस गेल्याचेही कळलेले नसते. तेव्हा आईच्या शरीरात फॉलिक ॲसिड कमी असेल, तर त्या नलिकेत दोष राहण्याचा धोका वाढतो. आमच्या वेळी आमची आई नवव्या महिन्यापर्यंत बांधकामावर घमेली वाहत होती. म्हणूनच १९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला बाबासाहेबांनी दिलेला पाठिंबा हा केवळ कामगार कायद्याचा विषय नव्हता, तो येणाऱ्या पिढीच्या मेंदूचाही होता.

एरिक एरिक्सन या मानसशास्त्रज्ञाच्या मते पहिल्या वर्षात बाळ जगावर विश्वास ठेवायला शिकते. सहा ते बारा या वयात 'मला हे जमते' ही भावना तरी रुजते, नाही तर न्यूनगंड. नेमक्या याच वयात मूल शाळेत असते. बाबासाहेबांनाही शाळेत वेगळ्या गोणपाटावर बसावे लागले, ते याच वयात.

कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशात सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरची चक्रव्यूहाची कोडी सोडवायला दिली. जात जाहीर केली नव्हती, तेव्हा दलित आणि सवर्ण मुलांत लक्षणीय फरक दिसला नाही. सर्वांसमोर जात जाहीर केल्यावर दलित मुलांची कामगिरी घसरली. मुले तशीच, कोडी तशीच. मग 'डोक्यातच नाही' म्हणणाऱ्यांकडे याचे काय उत्तर आहे?

पण बोट फक्त शाळेकडे दाखवून भागणार नाही. खरे सांगायचे तर आम्हीही त्या मुलाला आमच्या वर्गात 'कच्च्या' गटात बसवले होते. शाळेने जे सांगितले, त्यावर विहारात बसून आम्हीच शिक्का मारला.

लेव्ह व्हायगॉट्स्की म्हणतात, मूल एकटे काय करते एवढेच पाहू नका. मदतीने काय करू शकते तेही पाहा. आम्ही बारा चिंचोके घेऊन त्याच्याशेजारी बसलो. तिघांत वाट, चौघांत वाट. चौथ्या दिवशी त्याने उदाहरण एकट्याने सोडवले. आता तो धाकट्या बहिणीला चिंचोके वाटायला शिकवतो.

कच्चा गट आम्ही बंद केला आहे. कार्यकर्त्यांना एवढेच सांगणे आहे : जयंतीच्या वर्गणीतला वाटा गरोदर बायांच्या आहाराला आणि अभ्यासवर्गाला द्या. आणि आपल्याच वर्गात कोणाला कच्चे ठरवले आहे का, ते आज तपासा.

जयभीम!