यमुनेचा उतार

वजीराबादचा बंधारा मागे टाकून उत्तरेकडे निघालं की बुराडीच्या वस्तीची दाटी विरळ होत जाते आणि यमुनेचं खादर लागतं. भाजीचे मळे, ओली वाळू, पुरुषभर उंच सरकंडा. पौषातल्या सकाळी धुकं इतकं दाट असतं की पैलतीर दिसत नाही. या बुराडी घाटावर १० जानेवारी १७६० रोजी दत्ताजी शिंदे पडले.

अटकेचा अभिमान आपण पिढ्यान्‌पिढ्या बाळगला. पण उत्तरेतल्या मराठ्यांची रोज सांभाळायची सरहद्द होती ती ही यमुना. अलीकडे दिल्ली, पलीकडे गंगा-यमुनेमधलं अंतर्वेद आणि नजीबखानाचे रोहिले. ऋतू पालटला की ही सरहद्दही पालटायची. पावसाळ्यात ती दोन फौजांना दोन तीरांवर थोपवून धरी. थंडीत पाणी ओसरून धारा फुटल्या, मधली बेटं उघडी पडली, की घोडी सहज पार होत. म्हणून नदीच्या उतारावर ज्याची चौकी, त्याची दिल्ली.

त्या दिवशी रोहिल्यांचे बंदूकवाले याच उंच गवताच्या आडून पुढे सरकले. मराठी घोडदळाला दौडीला जागा उरली नाही. दत्ताजींना गोळी लागली, त्यांचे पुतणे जनकोजी जखमी झाले. घायाळ दत्ताजींनी रोहिल्यांकडच्या कुत्बशाहाला दिलेलं उत्तर मराठी घरांत आजही सांगितलं जातं.

सदाशिवरावभाऊंनी त्याच वर्षी दिल्ली घेतली, तेव्हा भरलेली यमुना त्यांची पाठराखीण होती. ऑक्टोबरात ते कुंजपुऱ्याला असताना पैलतीरावरच्या अफगाण बादशहा अब्दालीला बागपतजवळ उतार सापडला. त्याची माणसं बुडाली, तरी फौज अलीकडे आली आणि भाऊंचा दिल्लीचा रस्ता तुटला. पानिपतचं रण त्यानंतर तीन महिन्यांच्या आत पेटलं. त्याचा पाया बागपतच्या पाण्यात घातला गेला होता.

आज बंधारे आणि पूल झाले, उताराची गरज सरली. तरी जुलै २०२३ मध्ये यमुना दिल्लीत २०८.६६ मीटरपर्यंत चढली आणि आपलं सारं खादर तिने परत घेतलं. या नदीपुढे सेनापतींना का थांबावं लागे, ते तेव्हा दिल्लीकरांनी पाहिलं.

दर जानेवारीत अनेक मराठी माणसं पानिपतच्या काला आमला नमस्कार करायला जातात. त्यांनी वाटेत बुराडीला थांबावं, बागपतला नदीकाठी जावं. पानिपत समजून घ्यायचं असेल, तर आधी ही यमुना पाहायला हवी.