राहेरचा नवस

रेडिएशन संपलं. आता पाच वर्षं रोज एक गोळी, एवढं सांगून डॉक्टरांनी प्रवासाला परवानगी दिली आणि मी लेस्टरला लेकीकडे आले. सगळे म्हणत होते, आधी वेलंकणीला जाऊन ये. पण वसईत आमच्या फादरांनी एकदा प्रवचनात ओझरतं सांगितलं होतं, की लंडनमधलं एक इस्पितळ नवसातून उभं राहिलंय. टाटामध्ये केमोच्या खुर्चीत तेच डोक्यात घोळायचं.

मग लेकीला घेऊन लंडन गाठलं. तिथल्या हॉटेलाविषयी न बोललेलं बरं. लिफ्ट बंद, खोली चौथ्या मजल्यावर, खिडकीसमोर भिंत. टॉवर, राजवाडा वगैरे बसमधूनच उरकलं आणि स्मिथफील्डला, त्या नवसाच्या इस्पितळापाशी उतरलो.

राहेर हा पहिल्या हेन्रीच्या दरबारात वावरणारा माणूस. रोमच्या यात्रेत आजारपण जिवावर बेतलं, तेव्हा तो बोलला, वाचलो तर गरिबांसाठी इस्पितळ बांधीन. परतीच्या वाटेवर संत बार्थोलोम्यूने दर्शन देऊन चर्च मागितलं. ११२३ मध्ये दोन्ही उभी राहू लागली. म्हणजे इस्पितळ माणसाला सुचलं, चर्च संताला! मला तर हे फारच आवडलं.

आमचे गाइड निवृत्त इतिहास शिक्षक. म्हणाले, "ही कथा राहेर गेल्यावर कित्येक वर्षांनी चर्चलगतच्या त्याच्याच मठातल्या एकाने लिहिली. तो मठाचं कौतुकच करणार. आणि मलेरिया झाला होता म्हणतात, तोही पुढच्यांचा अंदाज."

असेल. टाटात माझ्या शेजारी यवतमाळची एक बाई असायची, दादरला गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत उतरलेली. एकदा ती आली नाही, मग आलीच नाही. तेव्हापासून देवाचे आभार मानताना जीभ अडते. मला वाचवलंस, मग तिला का नाही? राहेरपाशी याचं उत्तर नाही. पण बरं वाटल्यावर मेणबत्ती लावून त्याने घरचा रस्ता धरला नाही, परक्यांच्या आजारपणासाठी खाटा मांडल्या. असे आभार मला मानता येतील.

चर्चमध्ये त्याची कबर आहे, वर सोळाव्या शतकाच्या आरंभीच्या पाच घंटा. आमच्या वसईच्या घंटा चिमाजी अप्पांच्या विजयानंतर देवळादेवळांत गेल्या, त्यामुळे जुनी घंटा जागच्या जागी असली की मला अप्रूप वाटतं. डेमियन हर्स्टने घडवलेला सोनेरी बार्थोलोम्यू स्वतःची सोललेली कातडी हातावर टाकून उभा आहे. रेडिएशनने माझीही कातडी सोलवटली होती. मनात विचारलं, बाबा, तू कोणतं मलम लावलंस?

मठ आठव्या हेन्रीने मोडला, इस्पितळ मात्र टिकलं. १९३० च्या दशकात इथे कॅन्सरवर दहा लाख व्होल्टचं क्ष-किरण यंत्र आलं, मोझेल ससून यांच्या देणगीतून. ससून! पुण्याचं इस्पितळ आठवून मी गाइडकडे विजयी मुद्रेने पाहिलं, आणि मग गाडगेबाबांबद्दल सांगत सुटले. स्वतः फुटक्या मडक्यात जेवून धर्मशाळा बांधणारा माणूस त्यांना राहेरहूनही अशक्य वाटला. "याचे कागद आहेत?" त्यांनी विचारलं. म्हटलं, दादरला या, बाबांच्या नावाची इमारतच दाखवते.

त्यांनी वहीत नाव टिपून घेतलं. सेंट पॉलला पोचेपर्यंत आत सोडणं बंद झालं होतं, आणि लेक माझ्यावर जाम चिडली होती.