हिरवं पुस्तक आणि सोनेरी सिग्नल

अमेरिकन मेडिकल असोसिएशनचं एक जाडजूड पुस्तक निघायचं. हिरव्या कव्हरचं, म्हणून सगळे त्याला ‘ग्रीन बुक’च म्हणत. देशातल्या प्रत्येक रेसिडेन्सी प्रोग्रॅमचं नाव, पत्ता, डायरेक्टर कोण, जागा किती, जवळपास एवढाच मजकूर. नव्वदच्या दशकात भारतातून अमेरिकेत आलेल्या आमच्यासारख्या डॉक्टरांच्या घरी ते पुस्तक क्वचितच असे. असत त्या ॲनेस्थेशियाच्या पानांच्या झेरॉक्स, हातोहाती फिरून कडा मऊ पडलेल्या. आधीच्या कुणीतरी पेन्सिलीने खुणा केलेल्या. एका नावापुढे ‘व्हिसा देत नाहीत’, दुसऱ्यापुढे ‘उत्तर आलं’, तिसऱ्यापुढे ‘बाई चांगल्या आहेत’. या बाई म्हणजे प्रोग्रॅमच्या ऑफिसातल्या कोऑर्डिनेटर. कुठे अर्ज करायचा हे आम्ही त्या खुणांवरून ठरवलं. ज्यांनी त्या केल्या त्यांतल्या बहुतेकांना मी कधी भेटले नाही, पण त्यांचे उपकार मला आजही जाणवतात.

माझी भाची मुंबईहून एमबीबीएस करून आली आहे आणि यंदा ॲनेस्थेशियासाठीच अर्ज करते आहे. तिची यादी एक्सेलमध्ये आहे. व्हिसा जे-वन देतात की एच-वन, आत्ताच्या रेसिडेंटांत परदेशी पदवीधर किती, पास होऊन किती वर्षं झालेली चालतात, लायसन्सच्या स्टेप टू परीक्षेला किती मार्क लागतात, बोर्डाचा निकाल काय, पुढे कार्डियाक किंवा पेनच्या फेलोशिपला कोण कुठे गेलं, सगळ्याचे वेगवेगळे रकाने. ‘फ्रीडा’ नावाच्या डेटाबेसवर चाळण्या लावल्या की नको ती नावं आपोआप गळतात. मी तिच्या शेजारी बसून हे पाहते तेव्हा मनापासून आनंद होतो. जी माहिती मिळवायला आम्हाला पत्र टाकून महिनाभर पोस्टमनची वाट बघावी लागे, ती तिच्यापुढे क्षणात उघडी आहे.

आम्हाला दार उघडं मिळालं, त्याला मात्र आमच्या हुशारीपेक्षा काळ कारण होता. क्लिंटन यांच्या आरोग्य-सुधारणांची चर्चा चालू होती, मॅनेज्ड केअरचा जोर होता, पुढे फॅमिली डॉक्टरच लागतील असं सगळे म्हणत होते. अमेरिकन सोसायटी ऑफ ॲनेस्थेसियॉलॉजिस्ट्सने करवून घेतलेल्या १९९४ च्या अहवालात भूलतज्ज्ञ गरजेपेक्षा जास्त होतील अशी शक्यता वर्तवली होती. मार्च १९९५ मध्ये ‘वॉल स्ट्रीट जर्नल’मध्ये ॲनेस्थेशियाचे दिवस फिरल्याची बातमी आली. अमेरिकन विद्यार्थ्यांनी या शाखेकडे पाठ फिरवली. रेसिडेन्सीच्या जागा देशभर एकदम वाटणाऱ्या ‘मॅच’मध्ये १९९६ साली नावाजलेल्या प्रोग्रॅमच्याही जागा रिकाम्या राहिल्या. काहींनी जागा कमी केल्या, आणि ज्यांची ऑपरेशन थिएटरं रात्रंदिवस चालू होती त्यांनी आमच्यासारख्यांना बोलावलं. पुढे थोड्याच वर्षांत देशभर भूलतज्ज्ञांची टंचाई झाली आणि तो अंदाज चुकीचा ठरला. आता वारं पुन्हा उलटं आहे. ॲनेस्थेशियाच्या बहुतेक सगळ्या जागा अमेरिकेत शिकलेली मुलंच भरतात आणि परदेशी पदवीधरांसाठी थोड्याच उरतात. भाचीची यादी माझ्यापेक्षा कितीतरी नेटकी आहे, आणि तिची वाट माझ्यापेक्षा कितीतरी अवघड.

त्या हिरव्या पुस्तकातली काही नावं वाचताना अंगावर काटा यायचा. विस्कॉन्सिनमधलं मॅडिसन. इथे १९२७ मध्ये राल्फ वॉटर्स आले आणि भूल देण्याचं रीतसर विद्यापीठीय शिक्षण सुरू झालं. व्हर्जिनिया ॲपगार त्यांच्याकडे शिकायला गेल्या होत्या. ससूनच्या लेबर रूममध्ये बाळ बाहेर आल्यावर पहिल्या आणि पाचव्या मिनिटाला ज्या बाईंच्या नावाचा स्कोअर आम्ही लिहीत होतो, त्या भूलतज्ज्ञ होत्या आणि या गावात शिकल्या होत्या! अशा ठिकाणी मी केवळ त्या नावाखातर पत्र पाठवलं. आज कोणी असं केलं तर त्याला वेडं म्हणतील. मी म्हणणार नाही. आपण कुणाच्या परंपरेत उभे राहणार आहोत, हाही निवडीचा एक निकष आहे आणि त्यासाठी एक्सेलमध्ये रकाना नाही.

परीक्षा तेव्हा कागदावर असत, स्टेप वन दोन दिवस, स्टेप टू दोन दिवस. १९९९ मध्ये त्या संगणकावर गेल्या. अर्ज प्रत्येक प्रोग्रॅमचा निराळा. टाइप केलेलं पत्र, शिफारसपत्रांच्या प्रती, फोटो, आणि जाड लिफाफ्याला पोस्टात रांग. उत्तरं आली की पातळ लिफाफा म्हणजे नकार, हे हाताला कळायचं. एका ठिकाणाहून माझाच अर्ज न उघडता परत आला. वर शिक्का होता की परदेशी पदवीधरांचा विचार होत नाही. वाईट वाटलं, पण निदान कळलं. आता बहुतेक ठिकाणी चाळणीत गळलेल्या अर्जाचं काय झालं हे कोणी कळवतही नाही.

बोलावणं आलं की खरी यात्रा सुरू होई. ग्रेहाउंडची रात्रीची बस, बॅगेत एकुलता एक सूट, आणि त्या गावातल्या मराठी घराचा पत्ता. हॉटेल परवडत नव्हतं. महाराष्ट्र मंडळातल्या कुणाच्या तरी ओळखीने एखाद्या काकू घ्यायला येत, रात्री जेवायला वाढता वाढता हॉस्पिटलची खबर देत. एका काकूंची शेजारीण तिथे रिकव्हरी रूममध्ये नर्स होती. काकूंनी तिला चक्क घरी बोलावलं. “पोरी, मुलं दमतात इथे, पण शिकवतात मनापासून,” असं काकूंनी तिचं म्हणणं मला मराठीत सांगितलं. गुळगुळीत कागदावरच्या ब्रोशरमध्ये नदी होती, पूल होता, शरद ऋतूतली झाडं होती. हे वाक्य नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मुलाखत. प्रश्न सगळीकडे सारखेच. मी वाट बघायची ती थिएटरच्या फेरीची. आम्ही पुण्यात बॉइल्स मशीनवर शिकलो, पल्स ऑक्सिमीटर एकाच टेबलाच्या वाट्याला यायचा, म्हणून नाडीवरचं बोट आणि पेशंटच्या चेहऱ्यावरची नजर हटवायची नाही हीच शिकवण. तीच नजर मी त्या फेरीत वापरली. पेशंट झोपताना सीनियर डॉक्टर डोक्याशी उभे आहेत की कॉफी घेऊन दारात? रेसिडेंटला ट्यूब जमली नाही तर मास्क हातातून हिसकावला जातो, की “आधी ऑक्सिजन दे, मग पुन्हा बघ” म्हणतात? सक्शन चालू करून उशीखाली ठेवलेलं आहे का? सर्जन आवाज चढवतात तेव्हा भूल देणाऱ्याच्या बाजूने कोण बोलतं? हे पाहायला अर्धा तास पुरायचा. एका मोठ्या नावाच्या ठिकाणी त्या अर्ध्या तासात एकाही रेसिडेंटने मान वर करून आमच्याकडे पाहिलं नाही. एका लहान शहरातल्या सरकारी हॉस्पिटलात मात्र तिसऱ्या वर्षाच्या मुलीने मला बाजूला घेऊन सांगितलं, “इथे रात्री फोन केला की ते येतात.” मी तिथे गेले. परदेशी पदवीधरांना तेव्हा मॅचच्या बाहेर थेट करार करता येत असे. चेअरमननी हातात हात घेऊन जागा देऊ केली आणि आठवड्याभरात कागद आले. २०१३ च्या मॅचपासून ही पद्धत जवळपास बंद झाली, प्रोग्रॅमच्या सगळ्या जागा मॅचमधूनच भराव्या लागतात. हातात हात देऊन ठरण्यात एक माणूसपण होतं, पण घाबरलेल्या मुलीला एका दुपारी होय-नाही ठरवायला लावण्याची सोयही त्यात होती. ते गेलं हे बरंच झालं.

आता मुलाखती पडद्यावर. २०२० मध्ये महामारीमुळे सुरू झाल्या आणि बहुतांश तशाच राहिल्या. याबद्दल तक्रार करण्याआधी मी माझ्या मनाला एक आठवण देते. सोलापूर किंवा नांदेडच्या मुलीला आता व्हिसा आणि विमानाचं तिकीट हातात नसतानाही मुलाखत देता येते. मी नवऱ्याच्या नोकरीमुळे आधीच अमेरिकेत होते, म्हणून बसने फिरू शकले. माझ्याबरोबरच्या कितीतरी हुशार मुली केवळ प्रवास परवडला नाही म्हणून राहून गेल्या. त्यांच्यासाठी हा पडदा असता तर काय झालं असतं!

पण पडद्यावर थिएटर दिसत नाही. दिसतो तो डायरेक्टरच्या मागचा पुस्तकांचा कप्पा, रेसिडेंटांनी बनवलेला व्हिडिओ, इन्स्टाग्रामवरचे सहलीचे फोटो. पाहायला मिळत नाही म्हणून मुलं भरमसाठ अर्ज करतात. अर्ज पाठवायच्या ‘इरास’ या ऑनलाइन व्यवस्थेची फी मात्र तिसानंतर चढते, २०२५ च्या मॅचसाठी पहिले तीस अर्ज अकरा डॉलरला एक होते आणि त्यापुढचा प्रत्येक तीस डॉलरला. स्टेप वनचे गुण २०२२ पासून गेले, आता फक्त पास-नापास. मग हजारो अर्जांतून प्रोग्रॅमने कुणाला बोलवायचं? म्हणून अर्जाबरोबर पाठवायचे ‘सिग्नल’ आले. ॲनेस्थेशियात २०२३-२४ च्या हंगामापासून पाच सोनेरी आणि दहा रुपेरी. तुम्हाला जिथे मनापासून जायचं आहे तिथे सोनेरी पाठवायचा. ही पद्धत मला आवडते. एवढ्या गर्दीत ‘मला तुमच्याकडेच यायचं आहे’ असं म्हणायला निदान पाच जागा आहेत.

त्या पाचांवरून आमचं दोघींचं बोलणं झालं. तिने नावाजलेली पाच ठिकाणं काढली होती.

“मावशी, केसेस सगळीकडे मिळतातच ना? किमान आकडे ठरलेलेच आहेत.”

खरं आहे. चाळीस नॉर्मल डिलिव्हरी, वीस सिझेरियन, वीस हृदयाच्या शस्त्रक्रिया, बारा वर्षांखालची शंभर मुलं आणि त्यांत तीन महिन्यांखालची पाच, हे देशात कुठेही शिकलात तरी करावंच लागतं. आठवड्याला ऐंशी तासांची मर्यादाही २००३ पासून सगळीकडे आहे. आमच्या वेळी तास विचारणं हाच आगाऊपणा समजला जाई, या मुली बिनधास्त विचारतात आणि मला त्यांचा अभिमान वाटतो. पण तीन महिन्यांच्या बाळाला भूल देताना तुझ्या शेजारी कोण उभं असेल, हे त्या आकड्यांत येत नाही. मी तिला म्हटलं, “डायरेक्टरांना विचारू नकोस. रेसिडेंटांशी बोलायची जी वेगळी वेळ ठेवतात ना, तेव्हा विचार. रात्री तीन वाजता प्रेशर पडलं तर तू कुणाला फोन करतोस, आणि ते किती वेळात येतात? उत्तर देताना ते एकमेकांकडे बघतात का, तेवढं बघ.”

तिने सिग्नल पाठवण्याआधीच पाच-सहा ठिकाणच्या रेसिडेंटांना ईमेल केले, त्यांतल्या तिघांनी फोनवर वेळ दिला. ओहायोतल्या एका मुलाने स्वतःहून सांगितलं की त्याच्या पहिल्याच महिन्यात पेशंटला ॲनाफिलॅक्सिस झाला. सीनियर धावत आले, पेशंट वाचला, आणि दुसऱ्या दिवशी त्याच सीनियरनी त्याला केबिनमध्ये बसवून मिनिटामिनिटाने सगळं पुन्हा मांडायला लावलं, एक शब्दही न रागावता. त्या प्रोग्रॅमचं नाव तिच्या यादीत अठ्ठाविसावं होतं. रात्री तिने एक मोठं नाव खोडलं आणि तो सोनेरी सिग्नल ओहायोला दिला.