रेवा, पवना आणि एक ध्वनिफीत

गेल्या रविवारीं लोणावळ्यास आप्तांकडे मुंज होती. आम्ही चिंचवडला मोरया गोसावींच्या समाधिमंदिरापासून हाकेच्या अंतरावर राहतों. तेथून सकाळींच पुतण्याच्या मोटारींतून निघालों. पुतण्या चाकणला एका कारखान्यांत एंजिनियर आहे. चाकण म्हटलें कीं आम्हांला फिरंगोजी नरसाळा आठवतो, ज्यानें १६६० सालीं शाएस्तेखानाच्या अफाट सैन्यापुढें तो भुईकोट पन्नासाहून अधिक दिवस लढविला. पुतण्याला मात्र चाकण म्हटलें कीं तेथील चौकांत खोळंबलेल्या मालगाड्यांची रांग आठवते. त्या रांगेंत त्याचे रोज तासन् तास जातात, व त्या वेळेस सोबत असावी म्हणून त्यानें मोटारींत गाण्यांचा मोठा संग्रह करून ठेवला आहे.

वाल्हेकरवाडी मागें टाकल्यावर त्यानें विचारलें, “काका, ‘कंदीसा’ लावूं का? कीं आजहि बंद करायला सांगाल?”

हा टोमणा पंचवीस वर्षांपूर्वींचा होता. २००० सालीं ही ध्वनिफीत निघाली तेव्हां तो महाविद्यालयांत शिकत होता. जवळचे पैसे सांठवून त्यानें ती आणली, आणि आम्हीं “हा ढणढणाट माजघरांत नको” म्हणून पहिल्याच संध्याकाळीं ती थांबविली होती. वेष्टनावर काय लिहिलें आहे तें वाचण्याची तसदीहि आम्हीं घेतली नव्हती. भारतीय रॉक मंडळींच्या ज्या ध्वनिफिती सर्वांत अधिक खपल्या त्यांत हिची गणना होते, असें त्यानें आतां सांगितलें. आम्ही म्हणालों, “लाव.”

‘इंडियन ओशन’ हा दिल्लीचा वाद्यवृंद. सुस्मित सेन व असीम चक्रवर्ती यांनीं १९९० मध्यें तो उभा केला. पुढें राहुल राम व अमित किलम येऊन मिळाले. गिटारी विलायती खऱ्या, पण असीमबाबू मांडी घालून तबला वाजवीत आणि वाजवतां वाजवतांच गात. २००९ च्या डिसेंबरांत ते निवर्तले. एक गाणें गोरख पांडे यांच्या भोजपुरी कवितेचें आहे, एकाचें नांव ‘खजुराहो’. ज्यावरून साऱ्या संग्रहास नांव मिळालें तें ‘कंदीसा’ म्हणजे केरळांतील सुरियानी ख्रिस्ती लोकांची प्रार्थना. भाषा आरामाइक, आणि शब्दाचा अर्थ ‘पवित्र’. पिंपरीस १९५४ सालीं हिंदुस्थान अँटिबायोटिक्स निघाली, त्यामागून एकामागून एक कारखाने आले, आणि त्यांबरोबर केरळची कुटुंबेंहि आलीं. त्यांचीं मुलें आमच्या वर्गांत बसून ‘रामः रामौ रामाः’ मोठ्या हौसेनें म्हणत. तीं घरीं कोणत्या भाषेंत देवाचें नांव घेतात हें आम्हीं एकदांहि विचारलें नाहीं.

रावेतचा पूल आला तेव्हां ‘माँ रेवा’ लागलें होतें.

रेवा म्हणजे नर्मदा. ‘रेव्’ धातूचा अर्थ उड्या घेत जाणें. विंध्याच्या पायथ्याशीं दगडधोंड्यांत फुटून विखुरलेली ही नदी कालिदासानें मेघाला दाखविली आहे. शिकवितांना हें स्थळ आलें कीं आम्ही रंगून जात असूं. हें गाणें नर्मदाखोऱ्यांतील लोकगीत आहे. तें या मंडळींत आणणारे राहुल राम यांनीं अमेरिकेंत कॉर्नेल विद्यापीठांत पर्यावरणांतील विषद्रव्यांवर डॉक्टरेट मिळविली, आणि परत येऊन ते नर्मदा बचाव आंदोलनांत काम करूं लागले. नदीला आई म्हणणारे ते सूर ऐकतांना आमच्या कुटुंबानेंहि हात जोडले.

तेवढ्यांत खालीं पवना दिसली. रावेतच्या बंधाऱ्यावरून पाणी उचलून निगडीस शुद्ध करतात व तेंच आमच्या नळांना येतें. १९८२ सालीं येथें महानगरपालिका झाली. २०११ च्या शिरगणतींत वस्ती १७ लाखांवर गेली. ‘पू’ म्हणजे शुद्ध करणें, त्यावरून पवना, असें आम्ही मुलांना सांगत असूं. चिंचवडच्या घाटावर ती जलपर्णीखालीं झांकलेली असते, हा भाग वेगळा.

किवळ्याहून द्रुतगति मार्ग लागला. गाणें संपलें तसें पुतण्यानें तेंच पुन्हां लावलें. बऱ्याच वेळानें तो हळूच म्हणाला, “काका, हें बऊर.”

९ ऑगस्ट २०११ रोजीं या जागीं मावळांतील शेतकऱ्यांनीं रस्ता अडविला होता. पवना धरणांतील पाणी बंद नळांतून थेट पिंपरी-चिंचवडला नेण्याची योजना होती. पाणी नळांतून गेलें तर नदीचें पात्र कोरडें पडेल, मग आमच्या पंपांनीं काय उपसावें, हा त्यांचा प्रश्न. पोलिसांच्या गोळीबारांत तिघे मृत्युमुखीं पडले. त्यांत एक बाई होती. नळाचें काम थांबलें, तें पुढें कित्येक वर्षें थांबूनच राहिलें.

त्यानंतर दोन दिवसांनीं आमचा एक जुना विद्यार्थी ओसरीवर बसला होता. पवन मावळांतला, दर दिवाळीस घरच्या आंबेमोहोराची पिशवी घेऊन येणारा. त्याच्यादेखत, हातांत वर्तमानपत्र धरून, आम्ही बोलून गेलों, “एवढ्या मोठ्या शहराला पाणी नको काय? या लोकांना कोणीतरी भडकविलें आहे.” त्यानें चहाचा कप खालीं ठेवला. “येतों, गुरुजी,” एवढेंच म्हणाला. पुढल्या दिवाळीस तो आला नाहीं, त्यानंतरहि नाहीं.

वास्तविक सरदार सरोवराखालीं नंदुरबार जिल्ह्यांतील ३३ गांवें सांपडणार, तेव्हां आम्हीं मणिबेलीच्या लोकांविषयीं वर्गांत तासभर बोलून मुलांचे डोळे ओले केले होते. तोच हा विद्यार्थी त्या वर्गांत पहिल्या बाकावर होता. मणिबेलीचें पाणी आमच्या हंड्यांत येत नव्हतें.

द्रुतगति मार्गावर थांबतां येत नाहीं. बऊर मागें पडलें. मुंजीचा मुहूर्तहि गांठायचा होता. बटूच्या हातीं आम्हीं पळी-पंचपात्र दिलें आणि त्यानें आचमन केलें, त्या वेळीं आमचें लक्ष ठिकाणावर नव्हतें.

रात्रीं परतलों. आमच्याकडे २०१९ च्या नोव्हेंबरापासून दिवसाआड पाणी सुरू झालें, त्यामुळें भांडीं भरण्याची सवय जडली आहे. कुटुंबानें हंडे लावून ठेवले. आम्हीं जुनी वही काढून त्या विद्यार्थ्याचा पत्ता शोधला. गांव तेंच असेल. घर बदललें असल्यास ठाऊक नाहीं. पत्र सोमवारीं टपालांत टाकलें आहे.